बिजाचा पेला आणायला गेलेला तांबट

आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या तांबे ठोकले जाते, आणि मी एक लाकडाचा पेला आणायला पुण्याहून वऱ्हाडात गेलो, हे आमच्या तांबट आळीत अजून कुणाला पचलेले नाही. परत येऊन वर्षे झाली, तरी भेटेल तो ‘पेला कुठे आहे?’ असे विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आधीच हसतो. सांगून सांगून माझा घसा बसला. म्हणून हे एकदाचे लिहून काढतो आहे. ज्याला विचारायचे असेल त्याने वाचावे आणि मला सोडावे.

कारण साधे होते. माझ्या सासरेबुवांना मधुमेह झाला. धिप्पाड माणूस, हातात घण घेतला की शेजारच्या भिंतीवरचे चुन्याचे पापुद्रे पडायचे, तो वर्षभरात अंगरख्यात हरवून गेला. पायाला लागलेले काही केल्या भरेना. वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि सांगितले की बिवळ्याच्या जुन्या झाडाच्या गाभ्याचा पेला करून आणा, संध्याकाळी त्यात पाणी भरून ठेवा आणि सकाळी ते प्यायला द्या. पाणी पिवळे होते आणि उन्हात धरले की त्यावर निळी झाक येते, ती आली म्हणजे औषध उतरले. आमच्याकडच्या डोंगरात तसा जुना बिवळा कुणी शिल्लक ठेवलेला नाही, सातपुड्याच्या पायथ्याला मिळेल, असेही ते म्हणाले.

सासरेबुवा भडकले. तांबटाने लाकडातून पाणी प्यायचे म्हणजे आळीतल्या लोकांना वाटेल की यांना तांबे परवडेना. वैद्यबुवा दाराबाहेर पडेपर्यंत ते बोलतच होते, मग दम लागून खाली बसले. माझ्या बायकोला आई नाही. वडील तेवढेच, आणि ते आमच्याकडेच असत. तिने मला स्वयंपाकघरात बोलावले, दशम्यांचे गाठोडे पुढे केले आणि ‘तुम्ही जा’ एवढेच म्हणाली. दशम्या आधीच झालेल्या होत्या, म्हणजे माझ्या जाण्याचे माझ्याशिवाय सगळ्यांनी ठरवले होते.

आगगाडी तेव्हा भुसावळपर्यंत पोचली होती. मी आधी रेल्वेत, मग घाटात बैलगाडीत, मग पुन्हा रेल्वेत असे करत भुसावळला उतरलो, तेव्हा माझा एक जोडा कुठल्या तरी स्टेशनात राहिला होता. पुढे अकोल्याला जायला करीमचाचा नावाच्या अकोल्याच्याच गाडीवानाची बंडी (वऱ्हाडात बैलगाडीला बंडी म्हणतात) मिळाली. तो कापूस घेऊन आला होता आणि रिकामी पोती घेऊन परत चालला होता. पोत्यांवर बसा, गादीसारखे वाटेल, असे तो म्हणाला. वाटले खरे गादीसारखे. पण त्या पोत्यांच्या आत कापसाची जी बारीक तूस राहिली होती ती बंडी हलताच उठली आणि माझ्या नाकात शिरली, ती पुढे कित्येक दिवस तिथेच राहिली.

मी पहिली शिंक दिली तशी करीमचाचाने बंडी थांबवली. निघताना शिंक आली तर बसावे, पाणी प्यावे, मग निघावे हे आमच्याकडेही मानतात, त्यामुळे मी काही बोललो नाही. पाणी प्यालो, निघालो, आणि पुन्हा शिंकलो. पुन्हा बंडी थांबली. चौथ्या वेळी मी पाहिले की चाचा कासरा ओढतच नाही. माझी शिंक ऐकली की दोन्ही बैल आपले आपणच मटकन खाली बसतात, जुवासकट.

“मी नाई मानत शिंक-बिंक,” चाचा म्हणाला, “पर या बैलाईले कोन समजावन? माह्या अब्बाच्या हाताखाली शिकले ते.”

अशाने भुसावळ ते अकोला या वाटेला किती दिवस लागले ते मी सांगत नाही. आमच्या मागून निघालेल्या बंड्या अकोल्याला जाऊन, माल भरून, परत भुसावळच्या वाटेवर आम्हाला समोरून भेटल्या. त्यांतले गाडीवान चाचाची ख्यालीखुशाली विचारायचे आणि माझ्याकडे असे पाहायचे की जणू मीच त्याचा काही तरी गुन्हा केला आहे.

ते दिवस वऱ्हाडातल्या कापसाचे होते. तिकडे अमेरिकेत भावाभावांत लढाई जुंपली, तिथला कापूस अडला, आणि विलायतेच्या गिरण्यांना एकाएकी वऱ्हाड आठवले. दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन आणि तिच्यावर पांढरी बोंडे, डोळे दिपून जात. अकोल्यात पोचलो तर गाव लग्नघरासारखे. ज्याच्या अंगावर कालपर्यंत घोंगडी होती तो आज शाल पांघरून, तिच्यावर दुसरी शाल पांघरून, घाम पुसत मोर्णा नदीच्या काठाने हिंडत होता. मी ज्यांच्याकडे उतरलो ते कासार होते, तांब्यापितळेच्या भांड्यांचा व्यापार करणारे. ते म्हणाले की दुकानात भांडे ठेवायला फुरसत नाही, एका शेतकऱ्याने तर बैलांना पाणी पाजायला तांब्याची घंगाळी नेली. हे ऐकून मला त्या बैलांचा हेवा वाटला. दुसऱ्या एका शेतकऱ्याने भिंतीवरची तीन घड्याळे घेतली होती. तिन्ही वेगवेगळी वेळ दाखवत. त्याला मी विचारले तर तो म्हणाला की एकच घेतले असते तर ते खोटे बोलते का खरे हे कसे कळले असते. तीन घेऊन त्याला काय कळले ते मी विचारले नाही.

कासारांकडे रोडगे खाल्ले. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, फोडून त्यात तूप ओततात आणि वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर खातात. पहिला रोडगा मी चवीने खाल्ला, दुसरा हट्टाने, आणि तिसरा घातला तेव्हा मी नको म्हटले, तर घरच्या बाईंना वाटले की मला तूप कमी पडले. वऱ्हाडातली माणसे बोलायला रोखठोक, कुणी ‘अहो जेवता का’ वगैरे विचारत नाही, ‘जेवून घ्या’ म्हणतात आणि पुढ्यात ताट ठेवतात. पुण्याच्या कानाला पहिले दोन दिवस हे दरडावणे वाटते. तिसऱ्या दिवशी लक्षात येते की ताट भरलेले आहे.

लाकडाच्या बाजारात मात्र माझी निराशा झाली. आपल्या बिवळ्याला तिकडे बिजा म्हणतात. मी बिजाचे जुने लाकूड मागितले तेव्हा लाकूडवाल्याने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळले.

“कोन्या जमान्यात राह्यता भाऊ?” तो म्हणाला. “बिजा बंड्याईच्या चाकात गेला, मोठ्या लोकाईच्या दारात गेला, अन् उरला तो रुळाखाली जाऊन निजला.”

हे खरेच होते. कापूस वाहायला बंड्या हव्यात, बंडीच्या चाकाचा तुंबा (मधला गोल गठ्ठा, ज्यात आरे बसतात) बिजाचा असला तर चाक पिढी काढते, आणि त्या एका हंगामात जेवढ्या बंड्या झाल्या तेवढ्या आधी दहा वर्षांत झाल्या नसतील. वर रेल्वेवाल्यांना रुळांखाली घालायला आडवी लाकडे हवी होती. एका भल्या माणसाने मला जुन्या चाकाचा तुंबा फुकट देऊ केला. तो मी पाण्यात बुडवून पाहिला. इतक्या वर्षांचे वंगण त्यात मुरले होते की पाण्यावर तेलाचा तवंग आला आणि वास असा सुटला की सासरेबुवांनी तो पेला माझ्या डोक्यात घातला असता.

अमरावतीला मिळेल, असे कुणीसे म्हणाले, म्हणून करीमचाचाबरोबर अमरावतीला गेलो. तिथला कापसाचा बाजार पाहिला नाही त्याने वऱ्हाड पाहिले नाही. कोसभर आधीपासून बंड्यांची रांग, आणि हवेत तूस इतकी की कडुनिंबाची झाडे, म्हशी, माणसांच्या मिशा, सगळे गाव एका रात्रीत म्हातारे झालेले. माझ्या नाकाचे काय झाले असेल ते वाचकांनी समजून घ्यावे. तिथे सौदा तोंडाने करत नाहीत. दोन व्यापारी रुमालाखाली हात घालतात, एकमेकांची बोटे दाबून भाव सांगतात, आणि बाहेरच्याला काही कळत नाही. मी अशा एका जोडीजवळ कौतुकाने उभा राहिलो आणि शिंकलो. दोघांनीही चटका बसल्यागत हात बाहेर काढले. खाली बसले, पाणी प्याले, पुन्हा रुमाल घातला. मी पुन्हा शिंकलो. मग बाजारातल्या एका दणकट माणसाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला फार अदबीने वेशीपर्यंत पोचवले.

तिथेच वेशीजवळ चाके दुरुस्त करणाऱ्या एका सुताराने पत्ता दिला. अकोटच्या पुढे, सातपुड्याच्या अंगाला एक गाव आहे, तिथे बिजाचे एक जुने झाड अजून उभे आहे. त्या गावाचे नाव मी लिहीत नाही. का लिहीत नाही ते पुढे कळेल.

अंजनगाववरून अकोट आणि तिथून ते गाव असे आम्ही पोचलो तेव्हा सकाळची उन्हे चढत होती. झाड गावाबाहेर, एका ओढ्याच्या काठावर होते. मी आयुष्यात झाडाकडे थांबून कधी पाहिलेले नाही, मला पत्रा कळतो. पण हे पाहून मी पोत्यांवरून उतरलो. चार माणसांनी हात धरले तरी वेढा पुरा होणार नाही असे खोड, भेगाळलेली साल, आणि वर फांद्या-फांद्यांना गोल चपट्या शेंगा लटकलेल्या, प्रत्येक शेंगेच्या मध्ये बी आणि भोवती कागदासारखी पातळ झालर. वारा आला की त्यांतल्या काही सुटून गिरक्या घेत खाली यायच्या. खालच्या गवतात मी नजर टाकली. एकही रोप नव्हते.

झाडाखाली गर्दी होती. गावच्या पाटलांनी त्याच दिवशी ते झाड तोडायचे ठरवले होते. त्यांच्या मुलीची पाठवणी जवळ आली होती, आणि शेजारगावच्या देशमुखांनी आपल्या मुलीला शिसवीची दमणी (बसायची हलकी बैलगाडी) करून दिली होती. पाटलांना तिच्या दीडपट मोठी, सबंध बिजाची, चाकांना चांदीचे पत्रे ठोकलेली दमणी हवी होती. मी काय काम आहे ते सांगितले. पाटील मोठ्या मनाचे निघाले. गाभ्याचा एक तुकडा तुमचा, म्हणाले, आणि चांदीचे पत्रे ठोकायला तांबट आयताच आला म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला आनंदाने रडू यायचे बाकी राहिले. इतक्या दिवसांचे हेलपाटे आणि इतके रोडगे सत्कारणी लागले होते.

त्या गावची रीत अशी की ज्याला ज्याला लाकडाचा वाटा मिळायचा त्याने झाडाच्या मुळाशी एकेक सुपारी ठेवायची आणि पहिला घाव पडताना तिथे हजर राहायचे. मी सुपारी ठेवली. गावचा सुतार गोविंदा, साठीच्या पलीकडचा वाळकुडा माणूस, त्याने कुऱ्हाडीला हळदकुंकू लावले, नारळ फोडला आणि कुऱ्हाड उचलली.

मी शिंकलो.

बाजूला बांधलेले चाचाचे बैल खाली बसले. त्यांच्या मागोमाग पाटील, जोशी, सुतार, सगळे गाव खाली बसले. पाण्याचा लोटा फिरला. पुन्हा सगळे उठले, गोविंदाने कुऱ्हाड उचलली, आणि मी नाक दोन्ही हातांनी दाबून धरले असतानाही कानांतून निघाल्यासारखी शिंक निघाली. बैल पुन्हा बसले.

या वेळी कुणी पाणी मागितले नाही. जोशीबुवांनी गंभीर चेहऱ्याने सांगितले की तिसरी शिंक झाली तर झाड देवाचे झाले, मग त्याला लोखंड लावायचे नाही आणि त्याची पडलेली काडीसुद्धा घरात न्यायची नाही. माझा वाटा काढून टाका आणि याला गावाबाहेर घालवा, असे कुणी तरी सुचवले. पण सुपारी ठेवून झाली होती, ती उचलता येत नव्हती. पाटलांनी डोक्याला हात लावला आणि तिसरा मुहूर्त जेवणानंतर धरला.

मधल्या वेळात मला शिंक येऊ नये म्हणून अख्खे गाव कामाला लागले. नाकात कोमट तिळाचे तेल सोडले. माझे कपडे झटकले. मग त्यांच्या ध्यानात आले की स्वतःच्याच अंगावर कापूस आहे, म्हणून सगळे एकमेकांना उपरण्यांनी झोडपू लागले. पाटलांच्या पागोट्यातून निघालेल्या कापसात एक लहानशी उशी झाली असती. तासाभरात माझे नाक इतके मोकळे झाले की वऱ्हाडात आल्यापासून पहिल्यांदाच मला मातीचा वास आला.

जेवून मी झाडाखाली आलो तर गोविंदा एकटाच कुऱ्हाडीला धार लावत बसला होता. कारागिराला कारागिराशी बोलायला ओळख लागत नाही. मी त्याच्या धारेला नावे ठेवली, त्याने माझ्या अनवाणी पायांना नावे ठेवली, आणि आम्ही बोलू लागलो. दर साली या झाडाची तो एकच फांदी घ्यायचा. त्याचा बाप तसेच करायचा. गावातल्या सगळ्या बंड्यांचे तुंबे त्या फांद्यांतून निघाले. डोंगरात आणखी बिजे होते तोवर ठीक होते, पण गेल्या दोन सालांत ते सगळे गेले. तो दर साली बी पेरतो. उगवते आणि बकऱ्या खातात. कुंपण घातले तर हरणे खातात. एक रोप कमरेएवढे झाले होते, ते कुणी तरी बैल हाकायला काठी म्हणून उपटून नेले.

मी म्हटले, “मग पाटलांना सांगा ना.”

“मी गावचा सुतार,” तो म्हणाला. “पाटलाले नाई कसं म्हनू? साऱ्या गावाचं धान्य खाल्लं मी.”

मग लाकूड कसे असते ते दाखवायला त्याने नखाने सालीचा एक ढलपा उचकटला. आतून लाल चीक आला, अगदी बोट कापल्यासारखा. गोविंदाने तो आपल्या धोतराच्या सोग्याने पुसला आणि ढलपा परत जागच्या जागी दाबून बसवला. तो बसणार नव्हता हे त्यालाही माहीत होते. पण तो बराच वेळ अंगठा दाबून बसला.

तिसरा मुहूर्त आला. मला वाऱ्याच्या उलट्या अंगाला, उन्हाकडे पाठ करून उभे केले होते. नाक स्वच्छ. शिंकेचा मागमूस नाही. पाटील माझ्या नाकाकडे पाहत होते, जोशीबुवा पाहत होते, बायका पदराआडून पाहत होत्या. गोविंदाने कुऱ्हाड उचलली.  मला सासरेबुवांचा न भरणारा पाय दिसला. बायकोने पुढे केलेले गाठोडे दिसले. तो गाभा आता हातभर अंतरावर होता, एक घाव पडला की काम झाले.

आणि मी खोटे शिंकलो.

का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. आणि शिंकलो तेही किती वाईट. खरी शिंक पोटातून येते, माझी ही नुसती गळ्यातून आली, तमाशातला सोंगाड्या शिंकतो तशी. झाडावरचा एक कावळासुद्धा उडाला नाही. सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिले आणि मग, एकदमच, बैलांकडे. दोन्ही बैल उभे होते. शांतपणे रवंथ करत माझ्याकडे पाहत होते. करीमचाचाने कपाळावर हात मारला.

मग वाद पेटला. शिंक ती शिंक, असे बायकांचे म्हणणे. बैल बसले नाहीत म्हणजे शिंक झालीच नाही, असे पाटलांच्या भावाचे म्हणणे. जोशीबुवांना पंचांगात काही सापडेना. शेवटी पाटील माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“तांबटबुवा, झाडाले हात लावून सांगा,” ते म्हणाले. “शिंक खरी होती का खोटी?”

मी खोडावर हात ठेवला. तो सोललेला भाग नेमका तळव्याखाली आला, ओला आणि चिकट. तिथे खोटे बोलायची माझी छाती झाली नाही.

“खोटी होती, पाटील.”

“काहून?”

“ठाऊक नाही. मला झाड तुटलेलं पाहवेना.”

“अन् तुमचा पेला?”

 मी चिकट तळवा धोतराला पुसू लागलो.  पाटलांनी एकदा झाडाकडे पाहिले, एकदा माझ्या अनवाणी पायांकडे, कारण उरलेला जोडाही मी तोवर अकोटला टाकून दिला होता. मग ते गावाकडे वळले.

“हा मानूस पुन्याहून इथवर आला लाकडासाठी,” ते म्हणाले. “अन् लाकूड हाती येऊन राह्यलं तं शिंकला. आपल्याच नुकसानीसाठी कोन खोटं शिंकते बाप्पा? हे शिंक याची नाई.”

मग कुणाची, हे सांगायची गरज पडली नाही. जोशीबुवांना लगेच पंचांगात सापडले. बायकांनी खोडाला हळदकुंकू लावले, कुऱ्हाड पाण्यात बुडवून घरी नेली, आणि एवढा वेळ रवंथ करणारे बैल, कोण जाणे का, आता खाली बसले. पाटील मला एकदाच हळूच म्हणाले की असल्या शिंकेच्या लाकडाचे चाक देशमुखाच्या दारावरून जाताना मोडले असते तर काय तोंड दाखवले असते. दमणी त्यांनी बाभळीची केली. चांदीचे पत्रे मीच ठोकून दिले, त्यात चार दिवस गेले.

गोविंदाची मी माफी मागितली, कारण आता त्याचीही वर्षाची फांदी गेली होती. तो म्हणाला, “जाऊ द्या ना बाप्पा. बाभूळ हाय की.” एवढे म्हणून तो झाडाभोवती काट्यांचे कुंपण घालायला गेला. देवाच्या झाडाच्या कुंपणात बकरी सोडायची आता कुणाची हिंमत होणार नव्हती.

करीमचाचाने मला भुसावळला पोचवले. या वेळी मी पोत्यांवर बसलो नाही, बंडीच्या पुढे चाललो. निरोप घेताना त्याने विचारले की घरी काय सांगशील. मी म्हटले, खरे सांगेन. तो म्हणाला, “खुदा खैर करे,” आणि बैलांच्या कानामागे खाजवू लागला.

घरी आलो तेव्हा सासरेबुवा ओटीवरच होते. मी सगळे सांगितले, खोट्या शिंकेसकट. ते ऐकत राहिले. मग हसू लागले, इतके की बायको आतून धावत आली. त्यांनी मला ती खोटी शिंक करून दाखवायला लावली. पुढे जो कोणी भेटायला येई त्याच्यासमोर मला ती करून दाखवावी लागे, आणि दर वेळी ते हसत, तांब्याच्या पेल्यातून पाणी पीत आणि म्हणत की लाकडातून प्यायची वेळ जावयाने टाळली. त्यांनी त्यानंतर दोन दिवाळ्या पाहिल्या. पाय भरला नाही. पेला आला असता तर भरला असता का, आणखी किती दिवाळ्या झाल्या असत्या, हे मला माहीत नाही, आणि आता ते कुणीच सांगू शकणार नाही. ही गोष्ट मी हसत सांगतो म्हणून लोकांना वाटते की मी तो विचार करत नाही. मी करतो.

मध्यंतरी अकोटकडचा एक व्यापारी आळीत भांडी घ्यायला आला होता. त्याला मी त्या गावाबद्दल विचारले. तो म्हणाला की तिकडचा डोंगर आता उघडा पडला आहे, ओढ्याकाठी मात्र एक मोठे झाड आहे आणि त्याच्याभोवती काट्यांचे कुंपण आहे. गावाचे नाव मी लिहिले नाही ते त्या झाडासाठीच. तो गेल्यावर मी आत गेलो आणि बायकोला हे सांगितले. इतक्या वर्षांत तिने मला त्या प्रवासाबद्दल एक शब्द विचारला नव्हता. वडील हसायचे तेव्हा ती उठून आत जायची.

ती भाकरी थापत होती. हात थांबवून तिने विचारले, “केवढं आहे हो झाड?”

मी दोन्ही हात पसरले. ते पुरेनात, म्हणून मी भिंतीपर्यंत सरकलो आणि तिथून दारापर्यंत चालत आलो.

ती त्या अंतराकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “असू दे मग,” आणि तिने भाकरी तव्यावर टाकली.